आज 'का' नको

सुगंधा तोरसकरांना त्या आठवड्यात मिळण्यासारखं बरंच होतं. दार असलेली केबिन. चाकांची खुर्ची, जिच्यात बसून पायांच्या फुगलेल्या शिरांना दुपारभर विसावा देता आला असता. नाइट ड्यूटीतून कायमची सुटका. दारावर पाटी, प्लॅस्टिकचीच, पण नावाची: असिस्टंट मेट्रन. आणि या सगळ्याच्या वर एक गोष्ट, जी त्या स्वतःच स्वतःला समजावत होत्या. एकदा खुर्ची मिळाली की नर्सिंगच्या सगळ्या पोरींचं वॉर्डातलं शिक्षण आपल्या हातात येईल, मग बघा एकेकीला कशी विचार करायला लावते! माणूस लोभाला जेवायला बसवतो तेव्हा शेजारी तत्त्वालाही एक पाट मांडतो. पंगत बरी दिसते.

बदल्यात द्यायचं काय होतं? फारसं काहीच नाही. इन्स्पेक्शन होईपर्यंत तोंड बंद ठेवायचं.

आता हे 'फारसं काहीच नाही' सुगंधाबाईंना केवढ्याला पडत होतं, ते त्यांना ओळखणाऱ्यालाच कळेल. अंधेरी पश्चिमेच्या त्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात विद्यार्थिनी त्यांना पाठीमागे 'का-सिस्टर' म्हणत. नाव उगाच पडलं नव्हतं.

"सिस्टर, सात नंबरला तापाची गोळी दिली."

"का?"

"ताप होता."

"ताप का होता?"

"ते... डॉक्टरांनी लिहिलंय ना."

"डॉक्टरांनी लिहिला म्हणून ताप आला? मग उद्या त्यांना सांग, पगारवाढ लिहा. तीही येईल."

पोरी रडत, शिव्या देत, बाथरूममध्ये जाऊन त्यांची नक्कल करत. पण सहा महिन्यांत त्यांच्यातली एखादी तरी पेशंटकडे बघायला शिके. बाकीच्या वॉर्डांत श्वास मोजायची पद्धत अशी, की मोजायचेच नाहीत, अठरा लिहायचे. सुगंधाबाईंच्या वॉर्डात कुणी लागोपाठ तीन पेशंटना अठरा लिहिले, की त्या सगळ्यांसमोर विचारत, "काय गं, तिघे भजनाला बसलेत का, एका तालावर श्वास घ्यायला?"

हा प्रश्न त्यांच्या अंगात माहेरूनच आला होता. देवगडकडची माणसं, बाप गिरणीत. बाप प्रत्येक गोष्टीला 'कित्याक?' म्हणून विचारायचा आणि उत्तर पटलं नाही की पुन्हा विचारायचा. गिरणी बंद पडली तेव्हाही त्याने मालकाच्या माणसाला तेच विचारलं होतं. उत्तर मिळालं नव्हतं. पण विचारलं होतं.

तर अशा बाईला प्रिन्सिपॉल शुभा कारखानीस मॅडमनी इन्स्पेक्शनच्या आधी केबिनमध्ये बोलावलं, चहा दिला आणि एक झेरॉक्सचा गठ्ठा पुढे सरकवला.

"तोरसकर, या वेळी निरीक्षकांचा भर क्रिटिकल थिंकिंगवर आहे. मुली स्वतंत्र विचार करतात का, ते बघणार आहेत. हे पाच टप्पे. सगळ्यांकडून पाठ करून घ्या. शब्द इकडचा तिकडे नको."

सुगंधाबाईंनी कागद वाचला. मग मॅडमकडे बघितलं. मॅडम विनोद करत नव्हत्या.

"विचार करणं पाठ करायचं, मॅडम?"

"एक आठवडा, तोरसकर. तुमची ऑर्डर टाईप होऊन माझ्या ड्रॉवरमध्ये पडलीय. फक्त सही राहिलीय. कळतंय ना मी काय म्हणतेय?"

कळत होतं. चहा संपवून त्या गठ्ठा घेऊन बाहेर आल्या आणि जिन्यात उभ्या राहून त्यांनी मनातल्या मनात मॅडमना अस्सल मालवणीत ज्या काही गोष्टी ऐकवल्या, त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. मनातल्या मनात ऐकवणं फुकट असतं, म्हणून माणसं ते फार करतात.

चारकोपच्या घरी नवऱ्याने, बाळा तोरसकरांनी, सगळं ऐकून घेतलं आणि भाकरी मोडता मोडता तोडगा सांगितला. "तुझा ता 'कित्याक' आठ दिवस कपाटात घालून ठेव. खुर्ची गावली की काड भायर. पळान थोडाच जातला?"

हिशोब सरळ होता. सुगंधाबाईंना पटला.

*

त्या वर्षी तिसऱ्या वर्षाला कल्पिता नावाची मुलगी होती. आरे कॉलनीतली. तिचे वडील, त्यांना सगळे नानाच म्हणत, तिथल्या तबेल्यात कामाला. दिसायला किरकोळ, आवाज बसका, हुशारीत पहिली वगैरे मुळीच नाही. पहिली श्वेता होती, जिला पाचही टप्पे एका दिवसात पाठ झाले. कल्पिताचा तिसऱ्या टप्प्यावर गोंधळ व्हायचा. पण पहिल्याच महिन्यात तिने सुगंधाबाईंना सांगितलं होतं, "सिस्टर, आमच्याकडे म्हैस रवंथ करायची थांबली की नाना ताप नंतर बघतात, आधी तिच्याजवळ जाऊन बसतात." सुगंधाबाई त्या दिवशी काही बोलल्या नाहीत. बोलल्या नाहीत म्हणजे खूश झाल्या. त्यांच्या तोंडून कौतुक काढणं म्हणजे दगडातून पाणी. त्यांनी त्या पोरीला दुप्पट छळायला सुरुवात केली.

चार नंबरच्या पलंगावरच्या अंजनाबाई कल्पिताच्या वाट्याला आल्या होत्या. वर्सोव्याच्या कोळीवाड्यातल्या. म्हावरं निवडताना शिंगाळा माशाचा काटा पायात गेला, अंगात मधुमेह, बाईंनी तसाच धंदा केला, आणि आता अंगठा काळा पडून जखम वर चढायला लागली होती. ऑपरेशन करून साफ करायची होती. पाय काळा असो नाहीतर निळा, बाईंचा गळा मात्र शाबूत होता. सगळा वॉर्ड हलवायच्या. आणि प्रत्येक गोष्टीत भाव करायच्या.

"नाडी अठ्ठ्याऐंशी, आजी."

"काल ब्याऐंशी सांगितलंस! एका रातीत वाढवलीस? चौऱ्याऐंशी लाव नी मोकली हो."

"आजी, नाडीचा भाव नसतो."

"भाव सगल्याला असतो गो, पोरी. विचारनारा पायजे."

ब्लडप्रेशर सांगितलं की म्हणायच्या, "या दराने कोन घेल?" सकाळच्या पहिल्या गोळीला 'भवानी' म्हणायच्या आणि ती कपाळाला लावून गिळायच्या. श्वेताला त्यांचा त्रास व्हायचा. कल्पिताला मजा यायची. सुगंधाबाई लांबून ऐकायच्या आणि पाठ फिरवून हसायच्या, कुणाला दिसू नये म्हणून.

*

इन्स्पेक्शनच्या दिवशी वॉर्ड ओळखू येत नव्हता. नव्या चादरी, त्यांच्यावरच्या घड्यांच्या रेषाही अजून मोडलेल्या नाहीत. मशीनचे आवाज बारीक केलेले. नातेवाइकांना सकाळीच खाली गेटपाशी नेऊन बसवलेलं, कारण नातेवाईक म्हटलं की डबे आले, पिशव्या आल्या, आणि फोटोत ते बरं दिसत नाही. अंजनाबाईंची सून दिपाली पहाटेपासून सासूच्या उशाशी होती. तिलाही उठवलं.

अंजनाबाईंचं ऑपरेशन त्या दिवशी सकाळचं पहिलंच. त्यांच्या पलंगाला रात्रीच पाटी टांगलेली: तोंडाने काही नाही. पण सर्जनसाहेब इस्त्रीचा कोट घालून वरच्या हॉलमध्ये. निरीक्षकांपुढे त्यांचं भाषण होतं. ऑपरेशन 'नंतर बघू' झालं. पाटीला हे कुणी कळवलं नाही.

सुगंधाबाई दाराजवळच्या पलंगाची चादर ताणत होत्या आणि कानाने श्वेताचे पाच टप्पे ऐकत होत्या. तेवढ्यात कल्पिता आली. हातात इन्सुलिनची सिरिंज भरलेला ट्रे.

"सिस्टर, चार नंबर."

"काय?"

"आजींची शुगर एकशे दहा आहे. रात्रीपासून पोटात काही नाही. आणि ऑर्डरमध्ये सकाळचं इन्सुलिन रोजच्यासारखंच चालू ठेवलंय. खाणं नाही, तर इन्सुलिन का द्यायचं?"

दुसऱ्या कुठल्याही दिवशी कुणी हा प्रश्न विचारला असता, तर सुगंधाबाईंनी त्या पोरीला कॅन्टीनमध्ये नेऊन आपल्या पैशाने वडा खिलवला असता. सगळ्या शिक्षणाचं सार त्या एका प्रश्नात होतं. त्यांच्या स्वतःच्या तोंडचा प्रश्न, त्यांच्याच सुरात, आज त्यांच्यापुढे उभा होता.

त्याचं उत्तर द्यायचं म्हणजे वरच्या हॉलमध्ये फोन लावून डॉक्टरला भाषणातून उठवायला हवं. आणि हॉलमध्ये फोन करायचा नाही, असं मॅडमनी तीनदा बजावलं होतं. ड्रॉवरमधली ऑर्डर. सही राहिलेली.

"ऑपरेशनला नेतीलच आता," सुगंधाबाई म्हणाल्या. "तिथे ग्लुकोज लावतील. ऑर्डर आहे ना? मग दे."

"पण सिस्टर, ऑपरेशन पुढे गेलं असं वॉर्डबॉय म्हणत होता. मग ग्लुकोज कोण..."

"कल्पिता," सुगंधाबाई चादरीवरून नजर न उचलता म्हणाल्या, "आज 'का' नको."

पोरीने एक क्षण त्यांच्याकडे बघितलं. मग जाऊन इंजेक्शन दिलं. शिकवलेली मुलगी होती, पण शिकवणारीवर विश्वास ठेवायची चूक करून बसली. पाचांपैकी एकाही टप्प्यात या चुकीविषयी काही लिहिलेलं नव्हतं.

*

साडेदहाला निरीक्षक वॉर्डात आले. तिघे होते. पुढे चंद्रप्रकाश साहेब, दिल्लीहून आलेले, सगळ्याला 'व्हेरी गुड' म्हणणारे. त्यांच्यामागे एक तरुण डॉक्टर, फोटो काढणारा. आणि सगळ्यांत मागे एक वयस्कर बाई, पूर्वी कुठे मेट्रन होत्या म्हणे. त्या काहीच म्हणत नव्हत्या, पलंगाखाली वाकून बघत होत्या.

"मुलींनो," शुभा मॅडम अशा गोड आवाजात म्हणाल्या की पहिल्या वर्षाच्या पोरी दचकल्या, "साहेबांना क्रिटिकल थिंकिंगबद्दल सांगा."

श्वेताने सांगितलं. पाचही टप्पे, एका श्वासात, शब्द इकडचा तिकडे न होता. साहेब व्हेरी गुड म्हणाले. मॅडमचा चेहरा लग्नघरातल्या वरमाईसारखा झाला. सुगंधाबाई पदरासारखी ॲप्रनची कड चाचपत उभ्या होत्या, आणि त्यांना खुर्चीची चाकं ऐकू येत होती.

"आणि तुम्ही?" साहेब चार नंबरच्या पलंगाशी उभ्या असलेल्या कल्पिताकडे वळले. "दुसरा टप्पा कोणता?"

कल्पिताचं लक्षच नव्हतं. ती अंजनाबाईंचा हात हातात घेऊन उभी होती.

"साहेब विचारतायत गं," मॅडम दातांतून म्हणाल्या.

"एक मिनिट मॅडम. या आजी भाव करत नाहीयेत."

फोटोवाल्याने कॅमेरा खाली केला.

"काय करत नाहीयेत?" साहेब.

"मी नाडी सांगितली. एकशे सोळा. तर म्हणाल्या, 'ने बाय, ने.' मुद्दाम एकशे पन्नास सांगितली. तरी 'ने' म्हणाल्या." कल्पिताने आजींचा तळवा उलटा करून दाखवला. "सगळं फुकट ने म्हणतायत, सिस्टर. आणि बघा ना, घाम."

मॅडमनी सुगंधाबाईंच्या दंडाला हात लावला. हळूच, मैत्रीने लावावा तसा. "म्हातारी शांत झालीय, बरं झालं. राउंड पुढे चालू द्या. तोरसकर, हिला मागे घ्या."

सुगंधाबाईंची नजर पलंगाला लटकणाऱ्या पाटीवर गेली. तोंडाने काही नाही. तिथून कल्पितावर. तिथून आपल्या हातांवर, ज्यांनी सकाळी चादर ताणली होती. सगळं एका दमात कळलं. आणि कळूनही, हे खरं आहे, त्या एक क्षण जागच्या हलल्या नाहीत. दंडावरचा हात मऊ होता.

कल्पिता हलली. तिने कुणाचीच वाट बघितली नाही. ट्रेमधून मशीन उचललं, बोटाला टोचलं, पट्टी लावली. "छत्तीस!" ती ओरडली. अगदी ओरडली, कोळणीसारखी, निरीक्षकांपुढे. "शुगर छत्तीस! सिस्टर, ग्लुकोज!"

मग मात्र सुगंधाबाई धावल्या. धावताना मॅडमचा हात त्यांच्या दंडावरून असा झटकला गेला की मॅडमच्या बांगड्या वाजल्या. ऑपरेशनसाठी लावलेली सुई अंजनाबाईंच्या हातात होतीच. तिच्यातून ग्लुकोज आत गेलं. सुगंधाबाई गाल थोपटत होत्या, "अंजनाबाई, ओ अंजनाबाई, बघा इकडे." आणि आपल्या तोंडून आणखी काय निघत होतं, ते त्यांनाच ऐकू येत नव्हतं. शेजारच्या पलंगावरच्या बाईने नंतर सांगितलं, सिस्टर स्वतःलाच शिव्या घालत होत्या.

हळूहळू डोळे उघडले. अंजनाबाईंनी आधी नव्या चादरीकडे बघितलं, मग कोट घातलेल्या तीन अनोळखी माणसांकडे, मग कल्पिताकडे.

"किती?" त्यांनी विचारलं.

"शुगर छत्तीस झाली होती, आजी."

"छत्तीस?" बाईंनी कपाळाला आठी घातली. "लय पाडून मागितलास गो."

सगळे हसले. सुटल्यासारखे हसले. चंद्रप्रकाश साहेबांनी टाळ्या वाजवल्या आणि कल्पिताच्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, हेच, हेच ते क्रिटिकल थिंकिंग, असं प्रत्यक्ष उदाहरण आम्ही कुठल्याही हॉस्पिटलात बघितलं नाही. मॅडमनी तेवढ्यात बांगड्या सारख्या केल्या. "आमच्याकडे पहिल्या वर्षापासून हाच संस्कार असतो, सर."

मागच्या वयस्कर बाई तेवढ्या हसल्या नव्हत्या. पाटी हातात धरून त्यांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"पण मुळात शुगर का उतरली?"

*

वॉर्डाच्या दाराशी दिपाली भेटली. गेटवर कुणीतरी बातमी पोचवली होती आणि ती वॉचमनला ढकलून वर आली होती.

"सिस्टर, आम्हाला खाली का बसवलं?"

"दिपाली, ऐक. आता त्या बऱ्या आहेत."

"बऱ्या हायेत ते बघितलं मी. मी विचारते काय? माझी सासू झोपेत पन बोलते. ती गप झाली असती ना, तर मना दाराबाहेरून कललं असतं. तुमच्या चादरी मलतात म्हनून आमाला कुत्र्यासारखं गेटवर बसवलंत? फोटो चांगला आला काय? दाखवा ना! दाखवा, मना पन बघू दे!"

वर्षानुवर्षं सुगंधाबाईंनी पोरींना या जागी उभं केलं होतं, उत्तर नसलेल्या जागी, आणि तिथे उभं राहिलं की कसं वाटतं ते पार विसरून गेल्या होत्या.

घरी बाळाने तोंड बघूनच विचारलं, "खुर्ची गेली काय गो?"

"अजून नाही."

"मगे तोंड असा कित्याक?"

त्यांनी ताट बाजूला सारलं.

*

त्या वयस्कर बाईंनी प्रश्न लेखी मागे ठेवला होता. शुगर उतरण्याचं कारण कळवावं, मगच सर्टिफिकेट. म्हणजे कारण हवं होतं, आणि कारण म्हणजे नाव.

शुभा मॅडमचा हिशोब याबाबतीत पक्का होता. सर्जनचं नाव द्यावं, तर सर्जन ट्रस्टींचा जावई. ऑर्डर न बदलणाऱ्या डॉक्टरचं द्यावं, तर हॉस्पिटलचं नाव खराब. राउंड आधी आणि पेशंट नंतर असा हुकूम देणारीचं द्यावं, तर ती स्वतःच. बाजारात उभं राहून सगळ्यांत स्वस्त काय ते बघितलं, तर उत्तर एकच निघत होतं. तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. ना नोकरीतली, ना युनियनची. बाप तबेल्यात.

केबिनमध्ये तिघी होत्या. मॅडम खुर्चीत, सुगंधाबाई आणि कल्पिता उभ्या.

"हे बघ बेटा," मॅडम म्हणाल्या. "तू त्या दिवशी छान केलंस. साहेबांनी लिहूनच दिलंय. पण इंजेक्शन तुझ्या हाताने गेलं, ना? तेवढं कबूल करून टाक. वरिष्ठांना न विचारता दिलं, असं. सहा महिने ट्रेनिंग पुन्हा करशील, त्यात काय, शिकायलाच मिळेल. तोरसकर मॅडम असिस्टंट मेट्रन झाल्या की तुझ्याकडे लक्ष देतीलच. हो ना, तोरसकर?"

ड्रॉवर अर्धा उघडा होता. कागदाचं टोक दिसत होतं.

"मी विचारलं होतं," कल्पिता म्हणाली.

"कुणाला?"

कल्पिताने मॅडमकडे बघितलंच नाही. ती सुगंधाबाईंकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर विनवणी नव्हती. तो चेहरा सुगंधाबाईंच्या ओळखीचा होता, आरशातला होता.

"सिस्टर, मी तुम्हाला विचारलं. खाणं नाही तर इन्सुलिन का. तुम्हाला उत्तर माहीत होतं. मला माहीत आहे की तुम्हाला माहीत होतं. तरी तुम्ही दे म्हणालात. का?"

"ही काय भाषा आहे?" मॅडम कडाडल्या. "सीनियरशी असं बोलतात?"

"माझी भाषा आहे, मॅडम," सुगंधाबाई म्हणाल्या. "मीच शिकवली."

"तोरसकर, नीट विचार करून बोला."

"आता करतेच आहे." त्यांचा आवाज चढत गेला. आठवडाभर कपाटात कोंडलेलं एकदम बाहेर यायला लागलं. "उत्तर देते, कल्पिता. चुकून नाही झालं. विसरले नाही. फोन लावायला हवा होता आणि मी लावला नाही, कारण त्या ड्रॉवरमध्ये माझी ऑर्डर आहे आणि मला ती हवी होती. बस. खुर्चीसाठी. आता मॅडम, तुम्ही सांगा. नातेवाइकांना गेटवर का बसवलं? ऑपरेशन का थांबवलं? हॉलमध्ये फोन करायचा नाही, का? त्या बाईंना लिहून द्यायचंय ना कारण? लिहा! मी बोलते, तुम्ही लिहा! का नाही लिहीत?"

बाहेर प्यून चहाचा ट्रे घेऊन उभा होता, तो तसाच परत गेला.

मॅडमनी ड्रॉवर बंद केला. आवाज झाला नाही. चांगल्या प्रतीचा ड्रॉवर होता.

*

सुगंधाबाईंनी स्वतःच्या हाताने लिहून सही करून दिलं: इन्सुलिन माझ्या सांगण्यावरून दिलं गेलं. पुढचे 'का' मात्र त्या कागदावर नव्हते. त्यांचे वेगळे कागद त्यांनी लिहिले होते, ते मॅडमच्या टेबलावरून पुढे सरकले नाहीत. निरीक्षकांना कारण मिळालं, हॉस्पिटलला सर्टिफिकेट.

सुगंधाबाईंची बदली तळमजल्यावर चादरींच्या खोलीत झाली. तिथे धुऊन आलेल्या चादरी मोजायच्या आणि वॉर्डांना पाठवायच्या. खुर्ची मिळाली, चाकं नाहीत. वर वॉर्डात आता श्वेता पास होऊन स्टाफ म्हणून लागलीय, आणि सगळे पेशंट पुन्हा एका तालावर अठरा श्वास घेतात.

एका दुपारी कल्पिता खाली आली. बसली नाही. चादरींच्या गठ्ठ्याला टेकून उभी राहिली.

"मला सहा महिने दिलेच," ती म्हणाली. "इन्सुलिनसाठी नाही. सीनियरशी उद्धट वर्तन. केबिनमध्ये तुम्हाला 'का' विचारलं म्हणून."

सुगंधाबाईंच्या हातातली चादर खाली पडली. "मी तक्रार केलेली नाही गं!"

"माहीत आहे. मॅडमनी केली. तुमच्या वतीने." तिने पडलेली चादर उचलून गठ्ठ्यावर ठेवली. "सिस्टर, तुम्ही शेवटी खरं बोललात. त्याबद्दल मी थँक्यू म्हणायला हवं का?"

"नको."

"मला अजून राग आहे. तुमचा."

"असू दे. सांभाळ तो. उतरू देऊ नकोस."

"तुम्ही 'आज नको' म्हणालात ना, त्यानंतर इंजेक्शन भरलेला माझा हात... मी दिलं, सिस्टर. मला कळत होतं आणि मी दिलं. पुन्हा कुणी सांगितलं तर नाही देणार. तुम्ही सांगितलं तरी."

एवढं बोलून ती गेली. सुगंधाबाईंना वाटलं, हिला हाक मारावी. मग वाटलं, का? आणि मारली नाही.

अंजनाबाईंचं ऑपरेशन त्या गोंधळात आणखी लांबलं. अंगठा गेला, शेजारचं बोटही गेलं. कोळीवाड्यात त्या पुन्हा म्हावऱ्याची पाटी घेऊन बसतात, पाय गोणपाटाखाली झाकून. गिऱ्हाईक पुढे गेलं की पूर्वी उठून दोन पावलं मागे जायच्या, आता नुसता आवाज जातो.

हॉस्पिटलच्या दर्शनी भिंतीवर सर्टिफिकेट लागलंय. विद्यार्थिनींमध्ये क्रिटिकल थिंकिंग रुजवल्याबद्दल खास प्रशंसा, खाली प्रिन्सिपॉल म्हणून शुभा कारखानीसांचं नाव. शेजारी फोटो: नवी चादर, पलंगावर अंजनाबाई, आणि त्यांचा हात धरलेला, मनगटापर्यंतच आलेला कुणाचा तरी हात. बाकीची कल्पिता चौकटीत मावली नाही.

म्हणजे दोन बोटं अंजनाबाईंनी भरली. अर्धं वर्ष कल्पिताने भरलं, तेही नेमकं त्या प्रश्नाचं, जो विचारायला तिला शिकवलं होतं. सुगंधाबाईंनी खुर्ची भरली, पण ती कधी त्यांची नव्हतीच, तेव्हा ती धरायची नाही. त्यांनी भरलं ते इतकंच, की आपण घडवलेली एकुलती एक पोर पुन्हा आपल्यावर विश्वास ठेवणार नाही, आणि तिचं बरोबर आहे. शुभा मॅडमच्या नावापुढे काही लिहायला शोधलं, तर एक बांगडी त्या दिवशी तडकली होती म्हणतात. तेही खरं नाही, बांगड्या काचेच्या नव्हत्याच.